परीक्षा चालू आणि मास्तर वर्गाबाहेर: अमेरिकेतली 'ऑनर सिस्टिम' काय असते आणि ती आता का बदलतेय

माझी भाची मागच्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेली. पहिल्या परीक्षेनंतर तिने घरी फोन केला, म्हणाली पेपर वाटला, प्राध्यापकांनी कुणाला काही शंका आहे का विचारलं आणि सरळ खोलीबाहेर निघून गेले. सुपरवायझर नाही, कॅमेरा नाही, काही नाही. पेपर संपल्यावर खाली एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहून सही करायची, की मी या परीक्षेत कुणाची मदत घेतली नाही आणि कुणाला दिली नाही. ताईला हे खरंच वाटेना. तिचं निम्मं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलंय, बोर्डाच्या परीक्षेला केंद्रावर ड्युटी केलीय, भरारी पथक आलं की वर्गात काय शांतता पसरते ते तिने पाहिलंय. तिचा पहिला प्रश्न: "मग पोरं बघत नाहीत का एकमेकांचं?" आणि दुसरा: "आणि बघितलं तर पकडतं कोण?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मी पण चकित झालो होतो. पकडतात विद्यार्थी. चौकशी करतात विद्यार्थी. आरोपीची बाजू मांडतो विद्यार्थी, समोर न्यायाधीशाच्या जागी बसतात ते पण विद्यार्थी, आणि काही ठिकाणी तर १९-२० वर्षांच्या या पोरांच्या हातात दुसऱ्या पोराला युनिव्हर्सिटीतून कायमचं काढून टाकायचा अधिकार होता.

"होता" असं मुद्दाम लिहिलंय, कारण गेल्या काही वर्षांत ही व्यवस्था मुळापासून हलतेय. बातम्यांत "अमुक युनिव्हर्सिटीने १०० वर्षांचा नियम बदलला" असं येतं आणि वाचून काही कळत नाही. म्हणून जरा सावकाश, पहिल्यापासून सांगतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

ऑनर कोड म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या सगळ्यांनी मान्य केलेलं वचन. साधारण तीन गोष्टी त्यात असतात: खोटं बोलणार नाही, कॉपी करणार नाही, चोरी करणार नाही. आणि ऑनर सिस्टिम म्हणजे ते वचन मोडलं तर काय करायचं याची यंत्रणा. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत कोड असतो, पण यंत्रणा विद्यार्थ्यांच्या हातात असेलच असं नाही. व्हर्जिनिया, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, हॅवरफर्ड अशी काही नावं आहेत जिथे विद्यार्थ्यांचा हात पूर्वीपासून भक्कम राहिलाय. बाकी बऱ्याच ठिकाणी डीनचं ऑफिस सगळं बघतं आणि विद्यार्थी असले तर समितीत दोन-चार.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर गल्ली क्रिकेट. बाहेरचा अंपायर आणायची ऐपत नसते, मग बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एक पोरगा स्टंपामागे उभा राहतो आणि आपल्याच मित्राला आऊट देतो. देतो बरं का, बऱ्याचदा देतो! कारण आज त्याने ढापलं तर उद्या समोरची टीम ढापणार आणि खेळच बंद पडणार हे सगळ्यांना माहीत असतं. ऑनर सिस्टिमचा सगळा पाया हाच आहे. पोरं साधुसंत आहेत असं तिथे कुणी धरलेलं नाही. खेळ आपला आहे, तो मोडला तर नुकसान आपलं आहे, एवढंच धरलंय.

हे सुरू कसं झालं, तर एका गोळीबारानंतर

सगळ्यात जास्त चर्चा होते ती युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाची, म्हणून तिच्यावरच जरा जास्त थांबतो.

ही युनिव्हर्सिटी अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १८१९ मध्ये स्थापन केली, वर्ग १८२५ मध्ये सुरू झाले. जेफरसनची कल्पना अशी होती की विद्यार्थ्यांनी स्वतःच स्वतःला शिस्त लावावी, वरून दंडुका नको. कल्पना छान, पण पोरं कोण होती तर दक्षिणेतल्या श्रीमंत, गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांची मुलं. दारू, जुगार, पिस्तुलं, मारामाऱ्या. एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला कुणी तयार नाही, कारण चुगली करणं म्हणजे नामर्दपणा अशी समजूत. पहिल्याच वर्षी दंगा झाला. ८२ वर्षांचा जेफरसन स्वतः पोरांसमोर बोलायला उभा राहिला, सोबत जेम्स मॅडिसनसारखा माजी राष्ट्राध्यक्ष, आणि म्हाताऱ्याला इतकं भरून आलं की बोलता येईना, तो खाली बसला. दंगा करणाऱ्यांत त्याच्या नात्यातलाही एक मुलगा होता.

मग नियम कडक झाले, पोरं अजून चिडली, आणि नोव्हेंबर १८४० मध्ये कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस रात्री गडबड ऐकून बाहेर आले, मास्क घातलेल्या एका विद्यार्थ्याला धरायला गेले आणि त्याने त्यांना गोळी घातली. दोन दिवसांनी ते वारले. गोळी कुणी घातली हे त्यांनी मरताना पण सांगितलं नाही अशी गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

पुढे दोन वर्षं पण झाली नव्हती, १८४२ च्या जुलैमध्ये हेन्री सेंट जॉर्ज टकर या प्राध्यापकाने ठराव मांडला की यापुढे परीक्षेच्या पेपरवर विद्यार्थ्याने स्वतःच्या इभ्रतीवर लिहून द्यावं की मी कुणाची मदत घेतलेली नाही. म्हणजे बघा, मास्तर आणि पोरं यांच्यातला विश्वास पार संपला होता तेव्हा एका मास्तराने आधी एक पाऊल मागे घेतलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विद्यार्थ्यांची यंत्रणा सुरू झाली ती एका प्राध्यापकाच्या कागदावरून, आणि मग हळूहळू पुढच्या दशकांत पोरांनी ती आपल्या हातात घेतली.

आता यातली दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. ही "इभ्रत" कुणाची होती? गोऱ्या, खानदानी पुरुषांची. युनिव्हर्सिटीच्या इमारती गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या, त्यांच्या इभ्रतीचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५० मध्ये आला, मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश १९७० मध्ये मिळाला. त्यामुळे "आमची जुनी परंपरा" असं कुणी म्हणालं की ती कुणी आणि कुणासाठी बनवली हे विचारणं भाग आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ते विचारलंय.

एकच शिक्षा: हाकलून देणं

व्हर्जिनियात एक नियम होता, त्याला ते सिंगल सँक्शन म्हणायचे. सोप्या मराठीत, शिक्षा एकच. दोषी ठरलात की बाहेर, कायमचे. लहान गुन्हा मोठा गुन्हा असं काही नाही. होमवर्कमध्ये चार ओळी उचलल्या तरी तेच आणि आख्खा प्रबंध विकत घेतला तरी तेच.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, कारण हे सरळ सरळ वाळीत टाकणं आहे. शिक्षा करून सुधारायचं हा हेतूच नाही, हेतू असा की हा माणूस आता आपल्यातला नाही. व्हर्जिनिया राज्यातच एक लष्करी कॉलेज आहे, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, तिथे तर मध्यरात्री ढोल वाजवून सगळ्यांना उठवायचे, काढलेल्या मुलाचं नाव जाहीर करायचे आणि यापुढे हे नाव इथे घेतलं जाणार नाही असं सांगायचे. आपल्या महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, तो का करावा लागला हे ज्याला माहितीय त्याला ढोलाचा हा प्रकार वाचून पोटात गोळा येईल. मला तरी आला.

युनिव्हर्सिटीतली पद्धत मात्र पंचायतीपेक्षा खूप काटेकोर आहे हे मान्य करायला पाहिजे. कुणी तक्रार केली की विद्यार्थी-तपासनीस दोन्ही बाजूंशी बोलतात, कागद गोळा करतात. मग एक छोटं पॅनल ठरवतं की आरोप ठेवण्याइतकं यात आहे का. असेल तर सुनावणी. तिथे तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: एक, ती गोष्ट केली. दोन, हे चुकीचं आहे हे त्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. आणि तीन, ती गोष्ट इतकी गंभीर आहे की ती खपवून घेतली तर सगळ्यांचा एकमेकांवरचा विश्वास तुटेल.

ही तिसरी अट लक्षात ठेवा, पुढे सगळी गोम तिथेच आहे.

"वीस वर्षांच्या पोरांना न्यायातलं काय कळतं?"

हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो आणि तो चुकीचा नाही. अमेरिकेतल्या कोर्टांपुढे पण तो गेलाय. १९६१ मध्ये डिक्सन विरुद्ध अलाबामा या केसमध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला असं तडकाफडकी काढता येणार नाही, त्याला आरोप काय ते सांगा आणि बोलायची संधी द्या. (या केसमधले विद्यार्थी वंशभेदाविरुद्ध जेवणाच्या काउंटरवर धरणं धरून बसले होते, कॉपीबिपी काही नव्हती.) नंतर १९८३ मध्ये एका विद्यार्थ्याने व्हर्जिनियाच्या ऑनर कमिटीलाच कोर्टात खेचलं, तेव्हा अपील कोर्ट म्हणालं की विद्यार्थी चालवतात म्हणून ही पद्धत अन्यायाची ठरत नाही, नोटीस, सुनावणी, बाजू मांडायची सोय हे सगळं इथे आहे.

म्हणजे वय हा मुद्दा नाही, पद्धत हा मुद्दा आहे. आणि मला विचाराल तर कॉपीच्या बाबतीत विद्यार्थ्यांना प्रोफेसरपेक्षा जास्त कळतं. कुठली असाइनमेंट एकत्र बसून करायची रीत आहे, कुठला प्रश्न सगळ्यांनी एकाच व्हिडिओवरून शिकून सोडवलाय म्हणून उत्तरं सारखी दिसतायत, हे वर्गात बसणाऱ्यालाच माहीत.

मर्यादा आहेतच. लैंगिक अत्याचारासारखी प्रकरणं पोरांच्या पॅनलपुढे चालवणं धोक्याचं आहे. पीडित मुलीला स्वतःच्या वर्गमित्रांपुढे सगळं सांगायला लावायचं? २०११ मध्ये अमेरिकन केंद्र सरकारने युनिव्हर्सिट्यांना याबाबत कडक पत्र पाठवलं आणि त्यानंतर अशा तक्रारी प्रशिक्षित माणसांच्या वेगळ्या ऑफिसकडे देण्याचा जोर वाढला. हे योग्यच झालं. विद्यार्थ्यांच्या अधिकाराचं एक टोक तेव्हा कापलं गेलं आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

मग पोरं एकमेकांना वाचवत नाहीत का?

वाचवतात. आणि का वाचवतात हे कळलं की बदल का झाला ते आपोआप कळतं.

कल्पना करा तुमच्या सोसायटीत नियम आहे की गाडी चुकीच्या जागी लावली तर दंड एकच, फ्लॅट खाली करायचा. समोरच्या जोशी काकांनी गाडी तुमच्या जागेत लावली. तुम्ही कमिटीकडे तक्रार कराल? नाही करणार. तुम्ही फार तर रागाने बघाल, चार दिवस बोलणार नाही. कमिटीतली माणसं पण काकांना दोषी ठरवणार नाहीत, "तसं काही फार गंभीर नाही हो" म्हणून सोडून देतील. म्हणजे नियम कागदावर इतका कडक की प्रत्यक्षात नियमच नाही.

व्हर्जिनियात नेमकं हेच होत राहिलं. दोषी म्हटलं की समोरच्याचं आयुष्य उद्ध्वस्त, हे डोळ्यांसमोर असल्यावर प्राध्यापक तक्रार करायचं टाळायचे आणि परस्पर मार्क कापून विषय संपवायचे, विद्यार्थी गप्प बसायचे, आणि पॅनलवरची पोरं ती तिसरी अट पकडून म्हणायची की हो केलंय त्याने, पण "इतकं गंभीर" नाही. कॉपी केलीय हे मान्य, तरी निर्दोष! असा निकाल लागला की तक्रार करणाऱ्याला वाटतं पुन्हा या भानगडीत पडायचं नाही.

आणि तक्रारी ज्या व्हायच्या त्या सगळ्यांवर सारख्या व्हायच्या का? नाही. ऑनर कमिटीने स्वतःच आपली जुनी आकडेवारी तपासून २०१९ मध्ये एक अहवाल काढला, त्यात दिसलं की कृष्णवर्णीय, आशियाई आणि परदेशी विद्यार्थ्यांवरच्या तक्रारी त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त आहेत. जो वेगळा दिसतो, वेगळं इंग्रजी बोलतो, त्याच्याकडे आधी नजर जाते. आणि शिक्षा एकच म्हटल्यावर त्याची किंमत पण तोच सगळ्यात जास्त मोजणार.

उलट बाजूचं एक प्रकरण पण सांगतो. २००१ मध्ये व्हर्जिनियाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी, लुईस ब्लूमफील्ड त्यांचं नाव, स्वतः एक छोटा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिला. विद्यार्थ्यांचे निबंध त्यात टाकायचे आणि सलग सहा शब्द सारखे कुठे येतात ते बघायचं. आधीच्या बॅचचे निबंध पुढच्या बॅचने उचललेले धडाधड सापडले. एकूण १५८ विद्यार्थ्यांची प्रकरणं विद्यार्थ्यांच्याच कमिटीपुढे आली, ती निकाली काढायला दीड वर्षाच्या आसपास गेलं, शेवटी ४८ जण काढले गेले किंवा आपणहून निघून गेले, त्यात पास होऊन गेलेल्या काहींच्या पदव्या पण परत घेतल्या. विचार करा, स्वतःचा अभ्यास सांभाळून पोरं १५८ फायली हाताळतायत. यंत्रणा मोडली नाही, पण ती एका प्राध्यापकाच्या चिकाटीवर चालली, विद्यार्थ्यांनी एकमेकांची तक्रार केली म्हणून नाही.

बदल कसा झाला: हळूहळू, मग एकदम

पहिली फट पडली २०१३ मध्ये. विद्यार्थ्यांनी मतदानाने ठरवलं की तक्रार झाल्यावर जो लगेच कबूल करेल त्याला कायमचं न काढता दोन सेमिस्टर बाहेर बसवायचं आणि मग परत घ्यायचं. २०१६ मध्ये एक पाऊल पुढे, गुन्ह्याप्रमाणे शिक्षा असावी असा प्रस्ताव आला. ६० टक्के मतं लागत होती, ५९ च्या आसपास पडली. एका टक्क्याने गेला! माजी विद्यार्थ्यांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला असणार, कारण जुनी मंडळी या एका शिक्षेला फार जपत होती.

आणि मग मार्च २०२२. ८० टक्क्यांहून जास्त मतांनी हाकलून देण्याची एकमेव शिक्षा गेली, तिच्या जागी दोन सेमिस्टरची सक्तीची रजा आली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, पुन्हा मोठ्या बहुमताने ऑनर सिस्टिमची पूर्ण नवीन घटना, म्हणजे मूळ नियमावली, मंजूर झाली. आता दोषी कोण हे एक पॅनल ठरवतं आणि मग काय करायचं हे वेगळं ठरतं: नुकसान भरून दे, एखादा कोर्स कर, काही काळ बाहेर बस. कायमचं काढणं पण यादीत आहे, पण यादीतलं शेवटचं.

यात मला महत्त्वाचं काय वाटतं सांगू? हा बदल कुठल्या कुलगुरूने केलेला नाही, विद्यार्थ्यांनी स्वतः मतदान करून केलाय.

स्टॅनफर्डची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त अवघड आहे

स्टॅनफर्डचा ऑनर कोड १९२१ चा. त्यात सरळ सौदा होता. विद्यार्थी म्हणणार आम्ही कॉपी करणार नाही आणि कुणी करताना दिसला तर गप्प बसणार नाही, आणि त्या बदल्यात प्राध्यापक म्हणणार आम्ही पहारा देणार नाही. १०० वर्षं पहारा नव्हता.

पण सौद्याची एक बाजू सैल पडत गेली. तक्रारी जवळजवळ सगळ्या प्राध्यापकांकडूनच यायच्या, विद्यार्थी बोलत नव्हते. मग प्राध्यापक म्हणायला लागले की तुम्ही तुमचा वाटा उचलत नाही तर आमचे हात बांधलेले का? १२ जणांची एक समिती बसली, विद्यार्थी आणि प्राध्यापक दोन्ही, तिने सुचवलं की प्रयोग म्हणून काही परीक्षांना पहारा ठेवून बघू. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या सिनेटने आधी नाही म्हटलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये प्राध्यापकांच्या सिनेटने ठराव केला की मग आम्ही आमचं बघतो, पहारा ठेवणार. त्यावर विद्यार्थी सिनेट परत बसली आणि प्रयोगाच्या मधल्या मार्गाला हो म्हणाली.

वरवर बघितलं तर निकाल एकच, वर्गात माणूस उभा राहणार. पण कोड दोघांचा मिळून होता आणि एका बाजूने दुसरीला सांगितलं की तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही करू. प्रिन्स्टनमध्ये १८९३ पासून विद्यार्थ्यांचा ऑनर कोड आहे, तिथे पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी शिक्षा सौम्य करणारे चार ठराव पास केले आणि प्रशासनाने त्यातले तीन अडवून समितीकडे धाडले. म्हणजे अधिकार विद्यार्थ्यांचा, पण किती, याची रेघ वरच्याने मारायची. सोसायटीची कमिटी निवडून आलीय पण चाव्या अजून बिल्डरच्या खिशात, तसं हे आहे.

हॅवरफर्ड नावाच्या छोट्या कॉलेजात याचं उत्तर वेगळं शोधलंय. तिथे कोड दर वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांच्या सभेत पुन्हा मंजूर करावा लागतो, पुरेशी माणसं आली नाहीत तर तो पास होत नाही. कंटाळवाणं आहे, पण सही केलेलं वचन आपलं आहे हे दर वर्षी कळतं.

शिक्षा कमी केली म्हणजे कॉपीला मोकळं रान ना?

ताईने हेच विचारलं. कॉपी शिक्षेच्या आकाराने थांबत नाही, पकडलं जाऊ आणि काहीतरी होईलच या खात्रीने थांबते. आपल्याकडे तर १९८२ पासून परीक्षेतल्या गैरप्रकारांवर कायदा आहे, तरी दर फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडकीवर चढलेली माणसं टीव्हीवर दिसतातच. अमेरिकेत डोनाल्ड मॅककेब नावाच्या प्राध्यापकांनी अनेक वर्षं विद्यार्थ्यांचे सर्व्हे घेतले, त्यांना असं दिसलं की जिथे ऑनर कोड नुसता भिंतीवर नसून लोक त्याबद्दल बोलतात तिथे कॉपी कमी असते. शून्य नाही, कमी. आणि आजूबाजूची पोरं काय करतायत याचा परिणाम धाकापेक्षा जास्त असतो.

हार्वर्डने तर उलटा रस्ता धरला. २०१२ मध्ये तिथे एका घरी सोडवायच्या परीक्षेत जवळपास १२५ जणांवर संशय आला, त्यातल्या साधारण ७० जणांना काही काळ बाहेर जावं लागलं. त्यानंतर हार्वर्डने आपला पहिला ऑनर कोड आणला आणि विद्यार्थी-प्राध्यापक मिळून बसतील अशी कौन्सिल केली, २०१५ पासून. म्हणजे एकीकडे जुन्या ठिकाणी विद्यार्थ्यांचा अधिकार आखडतोय आणि दुसरीकडे जिथे नव्हता तिथे थोडा मिळतोय. सगळं मधोमध येऊन थांबतंय असं दिसतं: निकाल एकट्या पोरांचा नाही, एकट्या डीनचा पण नाही.

आणि चॅटजीपीटी?

आता खरी परीक्षा इथे आहे. ब्लूमफील्ड सरांकडे दोन निबंध होते, शेजारी ठेवले की कळत होतं. एआयने लिहिलेल्या निबंधाच्या शेजारी ठेवायला दुसरा कागदच नाही. एआय ओळखणारे प्रोग्राम आहेत पण त्यांच्यावर विसंबून कुणाचं वर्ष घालवणं योग्य नाही, चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने आपला असा प्रोग्राम अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये काढून घेतला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलाचं साधं, सरळ इंग्रजी "मशीनसारखं" वाटण्याची शक्यता जास्त, आणि आधीच कुणावर जास्त तक्रारी होतात ते वर बघितलंच.

अशा वेळी मला तरी पॅनलवर विद्यार्थी असलेले बरे वाटतात. व्याकरण सुधारून घेणं कुठे संपतं आणि निबंध लिहून घेणं कुठे सुरू होतं हे ते स्वतः रोज अनुभवतात. पण पुरावा नसेल तर विद्यार्थी असो नाहीतर डीन, दोघांनी आरोपीला सोडलंच पाहिजे.

आपल्या मुलांनी काय लक्षात ठेवायचं

हा भाग पालकांनी नीट वाचा, कारण इथे आपल्या सवयी आड येतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगला शीटला जीटी मारणं, म्हणजे काचेखाली बल्ब लावून मित्राची ड्रॉइंग शीट उतरवणं, किंवा सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल आख्ख्या हॉस्टेलला फिरणं, याला कुणी गुन्हा समजत नाही. मैत्री समजतात. तिथे हेच दोघांवर शेकतं. ज्याने उतरवलं त्याच्यावर आणि ज्याने दिलं त्याच्यावर पण. जुन्या असाइनमेंटचा ड्राइव्ह फोल्डर सीनियरने प्रेमाने दिला तरी तो वापरायची परवानगी आहे का हे आधी विचारायचं.

दुसरं म्हणजे व्हिसा. दोन सेमिस्टरची रजा ही अमेरिकन मुलाला सौम्य शिक्षा आहे, घरी जाईल, काम करेल, परत येईल. आपल्या मुलाचा एफ-१ व्हिसा पूर्णवेळ शिक्षणाला बांधलेला आहे. बाहेर बसवलं की स्टेटस जातं आणि देश सोडावा लागतो. रीतसर परवानगी घेऊन शिक्षण थांबवणाऱ्याला निघायला १५ दिवस मिळतात, शिस्तभंगाने काढलेल्याने तेवढे पण गृहीत धरू नयेत. म्हणजे कागदावर सगळ्यांना समान असलेली शिक्षा परदेशी विद्यार्थ्याला कितीतरी जड पडते, आणि पॅनलवर बसलेल्या अमेरिकन पोरांना हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. नवीन पद्धतीत शिक्षा माणसाप्रमाणे ठरवता येते, तेव्हा हे सांगायची सोय आता आहे. जुन्या पद्धतीत सांगून पण उपयोग नव्हता.

म्हणून तक्रारीचा मेल आला तर रात्री एक वाजता घाबरून लांबलचक माफी लिहून पाठवायची नाही, आणि "मी काहीच केलं नाही" असं खोटं तर अजिबात लिहायचं नाही, कारण खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा धरला जातो. आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला जायचं, मग सिस्टिमकडून मिळणारा विद्यार्थी-सल्लागार मागायचा, तो फुकट असतो आणि तो आपल्या बाजूने असतो. फाइल्सच्या जुन्या कॉप्या, डॉक्युमेंटची एडिट हिस्ट्री, रफ काम, सगळं जपून ठेवायचं. आणि कबूल करण्यासारखं असेल तर ते कधी कबूल केलं याने फरक पडतो, त्याची मुदत पहिल्याच मेलमध्ये लिहिलेली असते, ती वाचायची.

भाचीने परवा सांगितलं की तिच्या कॉलेजात पुढच्या वर्षीच्या पॅनलसाठी नावं मागवलीत आणि परदेशी विद्यार्थ्यांची नावं फार कमी येतात. तिने दिलंय.